बोटीचे वय आणि बोटीची वही

नर्मदाकाठच्या बोटींचा विषय खानदेशात निघाला की बोलणे दोन ठिकाणी येऊन थांबते. एक तर ‘बोट जुनाट झाली आहे, नवी द्या’ अशी मागणी होते, नाही तर ‘पूल आणि रस्ते झाले की बोटीची गरजच उरणार नाही’ असे उत्तर मिळते. या दोन्ही बोलण्यांतून एक प्रश्न निसटतो आणि मला तोच मुख्य वाटतो. ती बोट रोज कोण तपासते, तिच्यात काय बिघडले आणि काय बदलले याची नोंद कुठे होते, आणि दुरुस्तीचा पैसा दरवर्षी कोणत्या लेखाशीर्षातून येतो? नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी (म्हणजेच धडगाव) आणि अक्कलकुवा या दोन तालुक्यांतील काठच्या गावांना माणसे आणि वाहने दोन्ही नेणारी फेरीबोट एस.टी.सारखी नियमित सार्वजनिक सेवा म्हणून मिळाली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. ती बोट कालची आहे की तीस वर्षांची, ही बाब त्यानंतरची.

बोट का, हे आधी सांगितले पाहिजे, कारण जळगाव-धुळ्याकडच्या पुष्कळ लोकांना तो भाग नकाशावरूनच माहीत असतो. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली, त्यांपैकी ९ अक्कलकुव्यातली आणि २४ अक्राणीतली. मणिबेलीत पाणी शिरले ते १९९३ साली. पुढे धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढली, २०१७ मध्ये दरवाजे बंद झाले आणि २०१९ च्या पावसाळ्यात जलाशय प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरला. पाणी नुसते नदीच्या पात्रात राहिले नाही. सातपुड्यातून नर्मदेला मिळणाऱ्या प्रत्येक नाल्यात, प्रत्येक घळीत ते आत घुसले आणि एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जाण्याची जी पायवाट होती तीच बुडाली. समोर दिसणाऱ्या पाड्यावर जायचे तर डोंगराला वळसा घालायचा किंवा पाण्यातून जायचे, एवढेच दोन मार्ग उरले. म्हणून तिथे बोट देणे हा उपकार नव्हे. सार्वजनिक प्रकल्पाने जी वाट नेली तिच्या बदल्यात द्यायची ती वाट आहे, आणि ज्या कर्तव्यभावनेने रस्त्याचे खड्डे बुजवायचे असतात त्याच भावनेने ती चालू ठेवायला हवी.

या जलाशयाची आणखी एक अडचण आहे, जी बोटीच्या घडणीवरच परिणाम करते. पूर्ण पातळी १३८.६८ मीटर, तर किमान वापराची पातळी ११०.६४ मीटर. म्हणजे पाणी वर-खाली होण्याची मर्यादा २८ मीटरची, नऊ मजली इमारतीच्या उंचीएवढी. भाद्रपदात जिथे बोट लागते ती जागा ज्येष्ठात पाण्यापासून कितीतरी उंचावर, चिखलवाटेच्या टोकाला राहू शकते. एका जागी पक्का धक्का बांधला तर वर्षातले थोडेच दिवस तो उपयोगी पडेल. अशा पाण्यावर चालते ती सपाट बुडाची, पुढच्या बाजूला खाली पडणारा लोखंडी फळा असलेली फेरीबोट. ती नाक किनाऱ्याला टेकवते, फळा उतारावर पडतो, आणि माणसे, मोटारसायकली, जीप त्यावरून आत येतात. कोकणात दाभोळ-धोपावे अशी फेरी २००३ पासून चालते, आणि दापोलीहून गुहागरला जाणाऱ्यांना आता तिचे नवलही वाटत नाही. फरक इतकाच की कोकणच्या खाडीत भरती-ओहोटीचा चढउतार काही मीटरचा असतो आणि दिवसातून दोनदा येतो, तर नर्मदेवर तो वर्षभराचा आणि अनेक पटींनी मोठा आहे. म्हणून एकाऐवजी निरनिराळ्या पातळ्यांवर काँक्रीटचे उतार लागतील. हे काम अवघड नाही, पण ते बोटीच्या किमतीत कोणी धरत नाही आणि मग आलेली बोट लावायची कुठे, असा प्रसंग येतो.

वाहन बोटीत चढले पाहिजे, यावर मी का अडून बसतो तेही सांगतो. सातपुड्यात आजारी माणूस अजून बांबूला बांधलेल्या झोळीतून खाली आणला जातो. झोळीतून तो काठावर येतो, तिथे त्याला उचलून बोटीत ठेवतात, पलीकडे पुन्हा उचलून जीपमध्ये, आणि रस्ता चांगला लागला तर पुढे कुठेतरी १०८ च्या रुग्णवाहिकेत. बाळंतपणात अडलेल्या बाईला एका प्रवासात तीन-चार वेळा असे उचलणे म्हणजे काय, हे ज्याने पाहिले आहे त्याला अधिक सांगायला नको. रुग्णवाहिकाच बोटीवर चढून पाड्याखालच्या उतारापर्यंत आली तर यातले निदान दोन वेळचे उचलणे वाचते. हेच मालाचे. धडगावकडचा आमचूर, मोह, चारोळी, बकऱ्या, आणि उलट दिशेने येणारे रेशनचे धान्य, सिमेंट, पत्रे, हे सगळे डोक्यावरून बोटीत आणि बोटीतून डोक्यावर जाते. प्रत्येक चढउताराला हमाली पडते, आणि ती शेवटी आमचूर विकणाऱ्याच्या हातात येणाऱ्या भावातूनच जाते.

चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांचे नाव २०२० साली देशभर पोहोचले. टाळेबंदीत गरोदर बाया आणि लहान मुले अंगणवाडीपर्यंत येईनात, तेव्हा त्या स्वतः डोंगी वल्हवत पाड्यांवर जाऊ लागल्या. रोजचे अंतर सुमारे १८ किलोमीटरचे होते. त्यांचे कौतुक झाले आणि ते व्हायलाच हवे होते. पण त्या कौतुकाच्या बातम्या वाचताना मला सारखे वाटत राहिले की एका सेविकेला आपले काम करण्यासाठी एवढे वल्हवावे लागते, ही व्यवस्थेच्या हिशेबातली तूट आहे, आणि ती त्या बाईने आपल्या खांद्यांनी भरून काढली.

खानदेशाला फेरीबोट नवी नाही. तापी आपल्याकडे उथळ आणि मवाळ दिसते, पण पूल नव्हते तेव्हा पावसाळ्याचे चार महिने ती दोन मुलखांच्या मध्ये उभी राहत असे, आणि ठिकठिकाणी ‘तर’, म्हणजे माणसे-गाड्या पलीकडे नेणारी नाव, चालत असे. मुंबई इलाख्यात सार्वजनिक तरींसाठी १८६८ चा स्वतंत्र कायदा होता. दीडशे वर्षांपूर्वीच्या सरकारलाही नदी ओलांडणे ही सार्वजनिक बाब आहे हे कळत होते. आमच्या गावची तर मी लहानपणी तिच्या अखेरच्या वर्षांत पाहिली. दोन नावा जोडून वर फळ्या टाकलेल्या, त्यावर बैलगाडी चढवायची, बैल सोडून वेगळे उभे करायचे. वैशाखात नाव काठावर पालथी घातली जाई. नावाडी भोई समाजातले, वय झालेले. ते प्रत्येक सांध्यावरून हाताचे बोट फिरवत जात, जिथे ते अडखळे तिथला जुना कापूस टोकदार सळईने उपसून काढत, तेल-राळेत मळलेला नवा कापूस ठोकत, आणि मग वरून गरम डांबराचा हात मारत. नाव माझ्या आजोबांच्या वयाची होती असे म्हणत. त्यातली निम्मी फळी तरी बदललेली असणार, पण कोणती कधी बदलली हे त्या माणसाला तोंडपाठ होते. ‘तळ देखाशिवाय नाव पानीमा घालानी नही,’ एवढे एक वाक्य त्यांच्या तोंडून मी बरेचदा ऐकले.

त्या नावेच्या कुशीला बाहेरून गेरूची एक आडवी रेघ होती. माणसे चढत, पोती चढत, आणि पाणी त्या रेघेला टेकले की नावाडी हात वर करत. मग पाटलाचा बैल असो की लग्नाचे वऱ्हाड, खाली उतरावे लागे आणि दुसऱ्या खेपेची वाट पाहावी लागे. त्यावरून भांडणे झालेली मला आठवतात. रेघ पुसलेली मात्र आठवत नाही. पुढे कळले की समुद्रावरच्या मोठ्या जहाजांनाही अशीच भाररेघ असते आणि ती सक्तीची व्हावी म्हणून इंग्लंडच्या संसदेत सॅम्युअल प्लिम्सॉल यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. १८७६ साली तसा कायदा झाला.

आता वयाकडे येतो. जुनी बोट धोक्याची आणि नवी बोट सुरक्षित, हा समज फेरीबोटींच्या इतिहासात टिकत नाही. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियममधील झेब्रुग बंदराबाहेर ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही मोटारी आणि प्रवासी नेणारी फेरी उलटली आणि १९३ माणसे गेली. ती फेरी जेमतेम सात वर्षांची होती. पुढचे दार बंद न करताच ती निघाली होती, आणि ते बंद झाले की नाही हे पाहणे नक्की कोणाचे काम, याबाबत कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नव्हता. २८ सप्टेंबर १९९४ रोजी बाल्टिक समुद्रात ‘एस्टोनिया’ बुडाली आणि ८५२ माणसे मेली. तिचे वय १४. उलट अमेरिकेतील मिशिगन सरोवरावर १९५३ साली चालू झालेली, कोळशावर चालणारी ‘बॅजर’ नावाची मोटार-फेरी सत्तरी ओलांडूनही कामावर राहिली.

अशा फेरीचे एक वैशिष्ट्य सगळ्यांनी समजून घ्यावे असे आहे. वाहने उभी करायची म्हणून तिचा वाहनतळ आडव्या भिंतींशिवाय मोकळा ठेवावा लागतो. परातीत दोन बोटे पाणी घेऊन चालून पाहा. परात जरा कलली की सगळे पाणी त्याच बाजूला धावते, त्या वजनाने ती आणखी कलते, आणि हात सावरेपर्यंत पाणी सांडते. मोकळ्या वाहनतळावर पाणी शिरले की फेरीचे हेच होते आणि ते मिनिटांत होते. नीट न बांधलेली वाहने आणि माल हेही तसेच धावणारे वजन. दक्षिण कोरियाची ‘सेवोल’ १६ एप्रिल २०१४ रोजी बुडाली आणि ३०४ जीव गेले, त्यांत बहुसंख्य शाळकरी मुले होती. ती बोट जपानमध्ये १९९४ पासून १८ वर्षे चालली होती. कोरियात आल्यावर तिच्यावर जादा खोल्या चढवण्यात आल्या, त्यामुळे वजन वर गेले. माल मर्यादेबाहेर भरला आणि तो पक्का बांधला नव्हता. अशा बोटींची वयोमर्यादा कोरियाने त्याआधी ३० वर्षांपर्यंत वाढवली होती, म्हणून त्या वेळी वयावर पुष्कळ चर्चा झाली. पण त्या बोटीला बुडवले ते तिच्यात नंतर केलेल्या बदलांनी आणि भाराने.

वयाला काहीच अर्थ नाही असे मात्र मी म्हणणार नाही. लोखंडी बोट गंजते. गोड्या पाण्यात खाऱ्या पाण्यापेक्षा सावकाश गंजते, म्हणून सरोवरांवरच्या बोटी इतकी वर्षे टिकतात आणि नर्मदेवरची बोटही कोकणातल्या बोटीपेक्षा जास्त टिकायला हरकत नाही. पण बुडाच्या पत्र्याची जाडी दर काही वर्षांनी मोजावीच लागते. त्यासाठी पत्रा भोकायची गरज नसते. ध्वनिलहरींवर चालणारे हातात मावणारे यंत्र ते काम करते. झिजलेला तुकडा कापून नवा जोडता येतो. इंजिन बदलता येते. लवकर दगा देतात त्या गोष्टी वेगळ्याच आहेत. फळा वर-खाली करणारा तारदोर आणि त्याची कप्पी, फळ्याच्या बिजागऱ्या, सुकाणूची जोडणी, तळात साचलेले पाणी उपसणारा पंप, आणि उष्णतेने कडक होऊन तडकलेले रबरी पाइप. चिखलातल्या वाळूने तारदोराचे बारीक धागे एकेक करून तुटतात. हातात जाड कापड धरून दोरावरून फिरवले तर तुटलेले धागे कापडात अडकतात आणि दोर बदलायची वेळ झाली हे कळते. दहा मिनिटांचे काम आहे. ते केले आणि कुठल्या तारखेला केले हे लिहिले, तर पंचवीस वर्षांची बोटही विश्वासाची. ते केले नाही तर दोन वर्षांची बोटही भरलेल्या जीपसह फळा तोडून पाण्यात टाकेल.

काही वर्षांपूर्वी मी एका जलाशयात अशाच एका लोखंडी बोटीने पलीकडे गेलो होतो. इंजिनाच्या कप्प्यात एक मुलगा रंगाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बादलीने पाणी उपसत होता. पंप दिवाळीपासून बंद आहे, असे त्याने सांगितले. तेव्हा माघ चालू होता. जीवरक्षक जॅकेटे होती, पण ती एका ताडपत्रीत गुंडाळून छताला दोरीने करकचून बांधलेली, जेणेकरून ती हरवू नयेत. मी चालवणाऱ्याला लॉगबुकाबद्दल विचारले. डिझेल किती आले आणि किती संपले याची वही त्याने लगेच काढून दाखवली, आणि ती अतिशय टापटीप होती, कारण डिझेलचा हिशेब वर द्यावा लागतो. पंपाचा, दोराचा, पत्र्याचा हिशेब कोणी मागितलेलाच नव्हता, म्हणून त्याची वहीही नव्हती. त्या माणसाला मी दोष देत नाही. तो हंगामी होता, त्याचा तीन महिन्यांचा पगार थकला होता, आणि तरीही तो रोज बोट सोडत होता.

१५ जानेवारी २०१९ रोजी, मकर संक्रांतीला, धडगाव तालुक्यात भूषाजवळ नर्मदेत बोट उलटली आणि किमान सहा जण बुडून गेले. संक्रांतीच्या स्नानाला आणि पूजेला निघालेली साठच्या आसपास माणसे तिच्यावर होती. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या पाण्यात कळाशीजवळ बोट बुडून सहा जण गेले, तेव्हा वादळी वारा होता. दोन्ही वेळा काही दिवस तपासणीचे आदेश निघाले. संक्रांत दरवर्षी येते आणि वळवाचा वाराही दरवर्षी येतो, तेव्हा त्या दिवशी जादा फेऱ्या सोडायच्या किंवा वारा सुटला की फेरी थांबवायची, हे आधी ठरवून ठेवता येणारे निर्णय आहेत. पण ते निर्णय घेणारा एक जबाबदार माणूस, वेळापत्रक आणि भाररेघ लागते.

१ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी वाहने मोडीत काढण्याचा नियम लागू झाला. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी धुराचा विचार करता तो योग्य असेल, पण हीच पट्टी बोटीला लावण्याचा मोह टाळला पाहिजे. वय मोजणे सोपे असते, तपासणे कष्टाचे असते, आणि वयाचा नियम झाला की मधल्या पंधरा वर्षांत तपासण्याची गरज नाही असा अर्थ कार्यालये काढतात. २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याने १९१७ चा जुना कायदा जाऊन देशभर एकसारखी नोंदणी आणि तपासणी आली, आणि एका राज्यातली नोंदणी दुसऱ्या राज्यात चालते. महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेश या तिघांच्या काठांना लागणाऱ्या जलाशयासाठी ही मोठी सोय आहे. आता तिचा वापर झाला पाहिजे, आणि तपासणीचा दाखला बोटीवर, चढणाऱ्याला वाचता येईल असा लावला पाहिजे.

खरी गाठ पैशाच्या रचनेत आहे. बोट खरेदीसाठी एकदा निधी येतो, फीत कापली जाते, छायाचित्र छापून येते. डिझेल, खलाशांचा पगार, दोर, पंप, रंग, दर उन्हाळ्यात बोट काठावर ओढून बुड खरवडणे, यासाठी दरवर्षीची तरतूद नसते, किंवा असते ती आधी कापली जाते. मग बोट पाचव्या वर्षी ‘जुनाट’ होते आणि पुन्हा नव्या बोटीची मागणी होते. अक्कलकुवा आगारातली एस.टी. रोज सकाळी सुटते ती तिच्यामागे कार्यशाळा, यांत्रिक, सुटे भाग आणि बदली गाडी असते म्हणून. गाडी नादुरुस्त झाली तर फेरी रद्द झाल्याची नोंद होते आणि कोणाला तरी जाब द्यावा लागतो. बोटीची फेरी रद्द झाली तर त्याची नोंदच कुठे होत नाही. काठावर आलेला माणूस फक्त परत जातो.

पुलाचा आग्रह धरणाऱ्यांशी माझे भांडण नाही. जिथे पूल होऊ शकतो तिथे तो व्हावा. पण काठाने पसरलेल्या पाड्यांना एक पूल पुरत नाही. प्रत्येक घळीवर पूल आणि प्रत्येक पाड्याला डोंगरातून रस्ता असे काम व्हायला जी वर्षे लागतील तेवढी तिथल्या लोकांनी थांबायचे, हे न्यायाचे नाही. शिवाय पूल म्हणजे निर्धास्तपणा असेही नाही. १८ जुलै २०२२ रोजी इंदूरहून अमळनेरला येणारी आपली एस.टी. खलघाटच्या पुलावरून याच नर्मदेत कोसळली आणि किमान बारा जणांचा जीव गेला, हे खानदेश विसरलेला नाही. कठडा पुलाचा असो की बोटीचा, त्याची देखरेख चुकत नाही.

म्हणून मागणी करताना ती नेमकी करावी. एका बोटीऐवजी दोन फेरीबोटी मागाव्यात, एक कामावर आणि एक राखीव, म्हणजे पहिली काठावर ओढून तपासता येईल. नव्या परवडत नसतील तर चांगल्या नोंदी असलेल्या वापरलेल्या घ्याव्यात. नोंदी नसतील तर फुकट मिळाल्या तरी घेऊ नयेत. खलाशी आणि चालक काठच्याच गावांतली मुले असावीत, कायम पगारावर, आणि त्यांना इंजिन व दोर तपासण्याचे शिक्षण मिळावे; पाण्याची जाण त्यांना आधीच आहे. उतार किमान तीन पातळ्यांवर बांधावेत आणि त्यांतला सर्वांत खालचा आधी, कारण पाणी सर्वांत खाली असते त्या मे-जूनमध्ये पहिल्या पावसाने रस्ते तुटतात, साथी सुरू होतात आणि रेशनचे पावसाळी धान्य आत पोहोचवायचे असते. तो उतार बांधायला जागा उघडी पडते तीही त्याच आठवड्यांत. यंदाच्या उन्हाळ्यात पाणी उतरले की तिथे पहिली मोजपट्टी लागायला हवी.